पान चुरचुरतं, पण देठात पाणी असतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या कुंड्यांतला पुदिना, तुळस आणि कॅलेंडुलाची फुलं तुम्ही एकाच आठवड्यात काढलीत. तुळस धुऊन एक रात्र फ्रिजमध्ये ठेवलीत आणि दुसऱ्या दिवशी तिची एक जाड जुडी बांधून टांगलीत. पुदिना खिडकीत, ऊन लागेल असा टांगलात. फुलं ताटात पसरलीत. पाचव्या दिवशी सगळं हाताला चुरचुरीत लागलं म्हणून काचेच्या बरण्यांत भरून घट्ट झाकणं लावलीत. दोन आठवड्यांनी उघडून बघता तर पुदिन्याला वाळक्या गवताचा वास, तुळस काळी, आणि कॅलेंडुलाच्या बरणीत तळाशी पांढरी बुरशी. तुम्ही विचारता की बरण्या ओल्या राहिल्या होत्या का, आणि वनस्पती बरणीत ‘मुरवल्या’ की सुगंध वाढतो हे खरं का.

बरण्यांचा काही दोष नाही. तुम्ही एक फार चांगली गोष्ट केलीत, पुदिन्याचं वजन लिहून ठेवलंत: ताजा ५०० ग्रॅम, बरणीत भरताना १४० ग्रॅम. उत्तर त्या दोन आकड्यांतच आहे. ताज्या पुदिन्यात साधारण ८० ते ८५ टक्के पाणी असतं. आपण कमीत कमी, म्हणजे ८० टक्के धरू. मग ५०० ग्रॅममध्ये पाण्याव्यतिरिक्त जे काही आहे ते १०० ग्रॅम. तुम्ही बरणीत १४० ग्रॅम भरलंत, म्हणजे त्यातलं ४० ग्रॅम अजून पाणीच होतं. हे जवळजवळ २९ टक्के झालं. बरणीत बंद करायला १० टक्क्यांच्या आसपास पाणी चालतं, म्हणजे वजन १११ ग्रॅमपर्यंत उतरायला हवं होतं. ते जास्तीचं २९-३० ग्रॅम पाणी तुम्ही झाकणाआड कोंडलंत.

मग पानं चुरचुरीत कशी लागली? कारण पान आणि देठ एका वेगाने वाळत नाहीत. पान पातळ, पसरट, दोन्ही बाजूंनी हवेला उघडं. देठ जाड, वरून मेणचट सालीने झाकलेला. पानातलं पाणी दोन-तीन दिवसांत निघून जातं तेव्हा देठाच्या आत अर्धं पाणी तसंच असतं. आपण हात लावतो पानाला आणि निकाल देतो सगळ्या फांदीचा. बरणी बंद झाली की देठातलं पाणी हळूहळू बाहेर येतं, बरणीतली हवा दमट होते आणि कोरडी पानं ते पाणी पुन्हा ओढून घेतात. चार दिवसांनी बरणी उघडली तर कालची चुरचुरीत पानं सादळलेली असतात. बाहेरून पाणी आत शिरलेलं नसतं, आतलंच पाणी सगळीकडे सारखं वाटलं गेलेलं असतं.

कॅलेंडुलात हेच आणखी ठळकपणे घडतं. तिच्या पाकळ्या कागदासारख्या वाळतात, पण फुलाखालची हिरवी गादी चिकट, राळेने भरलेली आणि जाड असते. पाकळ्या वाळून आठवडा उलटला तरी गादी मधोमध ओली राहू शकते. माझ्या वाळवणाच्या तिसऱ्या वर्षी मी कॅलेंडुलाच्या अकरा बरण्या अशाच घालवल्या. सगळ्या वरून सुंदर केशरी दिसत होत्या. तेव्हापासून या फुलांची गादी नखाने दुभंगून आत बघितल्याशिवाय मी एकही बरणी बंद केलेली नाही.

मी गेली अठरा वर्षं सुगंधी वनस्पती वाळवते. एका छोट्या खोलीत, वर्षभर, वीसेक प्रकारच्या. तरीही ‘किती दिवस वाळवू?’ याला मी दिवसांत उत्तर देत नाही. ते वनस्पतीवर, जुडीच्या जाडीवर, हवेतल्या दमटपणावर आणि खोलीत एकूण किती माल आहे त्यावर ठरतं. माझ्याकडे तोच पुदिना कधी चार दिवसांत झालाय, कधी अकरा लागलेत. त्यामुळे खाली मी दिवस सांगणार नाही, खुणा आणि आकडे सांगेन.

काढणीबद्दल थोडक्यात. सकाळी दव उडाल्यावर आणि ऊन तापण्याआधी काढा. पुदिना, तुळस फुलोऱ्यावर येण्याच्या बेतात असताना पान सर्वांत भरलेलं असतं. धुवायचं असेल तर आदल्या संध्याकाळी रोप कुंडीतच असताना पाण्याने झोडपून धुवा, म्हणजे काढताना पान कोरडं असेल. आणि तुळस फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका. तुळशीच्या जाती उष्ण प्रदेशातल्या. १० अंशांच्या खालची थंडी त्यांना सोसत नाही. पेशींची आवरणं फाटतात, आतले रस एकमेकांत मिसळतात, आणि कापलेलं सफरचंद ज्या कारणाने तपकिरी पडतं त्याच कारणाने पान काळं पडतं. तुमची तुळस टांगण्याआधीच निम्मी काळी व्हायला लागली होती. उरलेलं काम जाड जुडीने केलं. मधल्या पानांना हवा मिळाली नाही, ती आपल्याच ओलाव्यात बसली. जुडी आठ-दहा काड्यांपेक्षा जाड नको, आणि ती बांधायला रबर बरं, कारण काड्या वाळून बारीक होतात तशा दोऱ्यातून निसटतात.

आता प्रत्यक्ष वाळवण. इथे तीन गोष्टी सांभाळायच्या असतात: उष्णता, हवा आणि उजेड. यांतली उजेडाची गोष्ट सोपी आहे. अंधार करा. उन्हात हरितद्रव्य फिकं पडतं आणि पान तापतंही. तुमच्या पुदिन्याचा गवती वास बराचसा खिडकीतल्या उन्हातून आलेला आहे. पुदिन्याचं पान उलटं करून भिंगाखाली बघा. पाठीवर बारीक, चमकणारे ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. पुदिना, तुळस आणि त्यांच्या सगळ्या कुळाचं तेल मुख्यतः असं पानाच्या अंगावर, पातळ पापुद्र्याखाली असतं. म्हणून ही पानं नुसती हाताळली तरी घमघमतात, आणि म्हणूनच ती कुस्करणं, दाबणं, उन्हात तापवणं म्हणजे ते तेल सोडून देणं. गवती चहाचं तसं नाही. त्याचं तेल पानाच्या आतल्या पेशींत असतं. तो हाताळायला तितका नाजूक नाही, पण ताजा असताना बारीक कापला की प्रत्येक कापातून तेल जातं.

उष्णतेबद्दल एक गैरसमज मला वारंवार ऐकू येतो. मेंथॉल, म्हणजे पुदिन्याच्या तेलातला गार वासाचा घटक, २१२ अंशांना उकळतं, मग ५० अंशांच्या यंत्रात ते कसं उडेल? पण पाणीही १०० अंशांना उकळतं आणि ओला कपडा तरी दोरीवर वाळतोच. उडून जायला उकळावं लागत नाही. खोलीभर पुदिन्याचा दरवळ सुटलाय याचा अर्थच तेल पानातून निघून हवेत गेलंय. मला स्वतःला वाळवणाच्या खोलीत फार छान वास आला की काळजी वाटते. पहिल्या दिवशी थोडा वास येणारच, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशीही खोली घमघमत असेल तर मी तापमान उतरवते. पानांसाठी मी ३० ते ३५ अंश ठेवते, ४० च्या वर कधीच जात नाही. डीहायड्रेटर वापरत असाल तर त्यातल्या सर्वांत खालच्या आकड्यावर चालवा, आणि तो खरंच तेवढाच तापतो का हे आत एक साधा तापमापक ठेवून बघा. अनेक यंत्रं दाखवतात त्यापेक्षा जास्त तापतात.

कॅलेंडुलासारख्या जाड गोष्टींत जास्त उष्णतेचा दुसराही तोटा आहे. बाहेरचा थर इतक्या घाईने वाळून कडक होतो की आतल्या पाण्याची बाहेर यायची वाट बंद होते. वरून दगडासारखं आणि आत दमट. असा माल सर्वांत फसवा, कारण तो हाताला पूर्ण वाळलेला लागतो.

हवेचा हिशेब मात्र नीट समजून घ्या, कारण घरी वाळवणारे बहुतेक जण इथेच चुकतात. १ किलो ताजा पाला वाळवायचा म्हणजे त्यातून पाऊण किलोहून अधिक पाणी हवेत सोडायचं. २५ अंशांच्या हवेत एका घनमीटरला जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते. म्हणजे ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशी बंद खोली, अगदी कोरडी ठणठणीत धरली तरी, सुमारे ६२० ग्रॅम पाण्यातच तुडुंब होते. प्रत्यक्षात खोलीतल्या हवेत आधीच बरंच पाणी असतं. तेव्हा बंद खोलीत किंवा कपाटात टांगलेला पाला एका टप्प्यापर्यंत वाळतो आणि तिथेच अडकतो, मग तुम्ही आणखी महिनाभर ठेवलात तरी. हवा बाहेर जायला वाट हवीच. नुसता पंखा गरगरत ठेवला तर तीच दमट हवा फिरत राहते.

पंखा लावायचा तो पाल्यावर रोखून नको. भिंतीकडे तोंड करून ठेवा, म्हणजे खोलीतली हवा हळुवार हलेल. टांगलेली पानं किंचित डुलावीत, फडफडू नयेत. थेट वाऱ्यात कडेची पानं लगेच कडक होतात आणि मधली मागे राहतात.

बाहेरचीच हवा दमट असेल तर? तेव्हा थोडी ऊब कामाला येते. २५ अंशांची ८० टक्के आर्द्रतेची हवा ३५ अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यातलं पाणी तेवढंच राहूनही सापेक्ष आर्द्रता (हवेत मावेल त्या वाफेच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे तो आकडा) ४५ टक्क्यांवर येते. म्हणजे वाळवायला निकामी असलेली हवा दहा अंशांच्या उबेने उत्तम होते. डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र, असेल तर तोच हेतू तापमान न वाढवता साधतो, आणि सुगंधी पानांसाठी मला तो अधिक आवडतो. खोलीत आर्द्रता ४५ ते ५५ टक्के आणि तापमान ३० च्या आसपास असलं की मी निश्चिंत असते. आर्द्रता ७० च्या वर जात असेल तर पाला टांगू नका. पानं देठापासून खुडून जाळीवर एका थरात पसरा आणि मंद ऊब द्या. खुडताना थोडं तेल जातं, पण बुरशीपेक्षा ते परवडतं.

पाला वाळला की नाही हे बघताना मी पानाला हात लावत नाही. सर्वांत जाड काडी घेते आणि वाकवते. ती लवली तर नाही. वाकून तंतू लोंबत राहिले तरी नाही. ‘कट्’ असा आवाज होऊन दोन तुकडे झाले तर पुढचा विचार करायचा. फुलांत गादी दुभंगून बघायची. आत गडद, लिबलिबीत काही दिसलं तर पुन्हा जाळीवर. आणि वजन. तुम्ही केलंत तसं प्रत्येक वेळी करा. आपल्या रोपात नेमकं किती पाणी आहे हे कळायला १० ग्रॅमचा नमुना ओव्हनमध्ये १०५ अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा. त्यात थोडं तेलही उडतं, त्यामुळे पाण्याचा आकडा किंचित जास्त येतो, पण घरच्या कामाला पुरेसा आहे. नमुना अर्थात टाकून द्यायचा. १० ग्रॅमचे १.८ ग्रॅम उरले तर पाणी ८२ टक्के. मग उरलेल्या सुक्या वजनाला ०.९ ने भागलं की तुमचं लक्ष्य मिळालं. ५०० ग्रॅम ताज्या पाल्यात ९० ग्रॅम सुकं, भागिले ०.९, म्हणजे १०० ग्रॅम. वजन काटा या आकड्याच्या खूप वर थांबला असेल तर पान कितीही चुरचुरू दे, माल झालेला नाही.

इथपर्यंत आलं की लोक समजतात काम संपलं. माझ्या मते वाळवणाचा सर्वांत नाजूक भाग आता सुरू होतो, तो बरणीतला.

काडी कडाडली तरी काड्या-पानांत, बरणीच्या वरच्या-खालच्या थरांत ओलावा थोडा कमी-जास्त असतोच. तो सगळीकडे सारखा होण्यासाठी माल बंद जागेत ठेवावा लागतो. पण तुम्ही केलंत तसं झाकण लावून विसरून जायचं नाही. बरणी दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरा, दाबू नका. आत एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतामापक, ठेवा. झाकण लावा आणि बरणी एकाच तापमानाच्या, अंधाऱ्या जागी २४ तास ठेवा. त्यानंतरचा आकडा हा तुमच्या संपूर्ण मेहनतीचा खरा निकाल.

तो आकडा इतका महत्त्वाचा का, हे सांगते. बंद बरणीत हवा आणि माल यांची देवाणघेवाण होऊन दोघं एका पातळीवर येतात. तेव्हा हवेतली सापेक्ष आर्द्रता मालात ‘मोकळं’ पाणी किती आहे ते दाखवते. मोकळं म्हणजे जे बुरशीला वापरता येतं. हवा ६० टक्के दाखवते तेव्हा मालाची जलक्रियता ०.६० असते, आणि त्याखाली कोणतीही बुरशी किंवा यीस्ट वाढू शकत नाही. बऱ्याचशा नेहमीच्या बुरश्यांना ०.७० ते ०.८० लागते, बहुतेक जिवाणूंना तर ०.९० च्या वर. म्हणून ६० ही माझी लक्ष्मणरेषा आहे. ओलाव्याची टक्केवारी वनस्पतीगणिक बदलते, पण हा आकडा पुदिन्याला, फुलांना आणि मुळांनाही तोच लागू पडतो.

माझा शिरस्ता असा. २४ तासांनी ७० किंवा वर दिसलं तर सगळा माल ताबडतोब बाहेर, पुन्हा जाळीवर, निदान एक दिवस. ६५ ते ७० असेल तर काही तास पसरून मग परत बरणीत. ६० ते ६५ असेल तर झाकण उघडं ठेवून अधूनमधून माल हलक्या हाताने वर-खाली करायचा, आणि संध्याकाळी पुन्हा बंद. ५५ ते ६० आलं की रोज एकदा दहा-पंधरा मिनिटं उघडायचं, असं आठवडाभर. ४५ ते ५५ मध्ये स्थिरावला की दीर्घ साठवणीला तयार. ‘स्थिरावला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आज ५४, उद्या ५७, परवा ५९ असं चढत असेल तर आत कुठेतरी एखादी ओली गाठ अजून पाणी सोडते आहे. सलग तीन दिवस आकडा हलला नाही तरच मी विश्वास ठेवते. आणि बरणी उघडायची ती खोलीतली हवा कोरडी असताना. बाहेर ८० टक्के दमटपणा असेल तर झाकण उघडून तुम्ही ओलावा बाहेर काढत नाही, आत घेता.

हायग्रोमीटर स्वस्तातला चालेल, पण तो आधी तपासा. छोट्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन ओल्या वाळूसारखं होईल इतपत पाणी घाला, वर पाणी तरंगायला नको. ते आणि हायग्रोमीटर एका हवाबंद डब्यात बारा तास ठेवा. मिठाच्या अशा संपृक्त द्रावणावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. तुमचं यंत्र ७१ दाखवत असेल तर ते चार अंकांनी कमी दाखवतं आहे, आणि बरणीत ५८ दिसलं तरी प्रत्यक्षात तिथे ६२ असण्याचा धोका आहे. माझ्याकडे नवीन आणलेल्या यंत्रांत असा फरक नेहमी निघतो.

हायग्रोमीटर नसेल तर नाक वापरा, पण ते झाकण उघडल्याच्या पहिल्या क्षणी. बरणी ताजी उघडताना कुबट, बंद खोलीसारखा किंवा अमोनियाचा उग्र वास आला तर माल ओला आहे आणि जिवाणू कामाला लागलेत. दुसऱ्या श्वासाला तो वास हरवतो, म्हणून पहिला श्वास महत्त्वाचा.

आर्द्रता ठरावीक आकड्यावर धरून ठेवणाऱ्या पुड्यांबद्दलही तुम्ही विचारलंत. ६२ किंवा ६५ च्या पुड्या ज्या मालाला लवचीक ठेवायचं असतं त्याच्यासाठी आहेत, उदाहरणार्थ सिगार. पुदिना-तुळस लवचीक ठेवण्याचं काही कारण नाही. आणि ओला माल त्या पुड्यांच्या भरवशावर बरणीत भरणं तर मुळीच नको. उलट टोकाला, सिलिका जेलच्या पिशव्या भरपूर टाकून आकडा ३० च्या खाली नेलात तर पान बोट लागताच भुगा होतं, त्याबरोबर तेलाच्या ग्रंथीही फुटतात आणि सुगंध झपाट्याने उतरतो.

आता मुरवण्याचा प्रश्न. याचं उत्तर वनस्पतीचा सुगंध काढणीच्या वेळी तयार असतो की नाही, यावर आहे. व्हॅनिलाची हिरवी शेंग हुंगली तर व्हॅनिलाचा वास येत नाही. त्यातलं व्हॅनिलिन साखरेला बांधलेलं असतं. शेंगा ६५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून मारतात, मग उबेत घाम आणतात, हळूहळू वाळवतात आणि महिनोन्‌महिने बंद पेटीत ठेवतात. या काळात शेंगेतलीच विकरं (एन्झाइम) ती साखर सोडवतात आणि सुगंध जन्माला येतो. तंबाखूचं पानही सावकाश वाळताना आत रासायनिकदृष्ट्या बदलतं, त्यातल्या स्टार्चची साखर होते. अशा मालात मुरवणं हेच खरं काम.

पुदिन्याचं मेंथॉल, तुळशीचं लवंगेसारख्या वासाचं युजेनॉल मात्र तुम्ही कात्री लावण्याआधीच ग्रंथींत तयार असतं. बरणीत ते वाढत नाही. चांगल्या बरणीत ते टिकतं, एवढंच. मग दोन-तीन आठवड्यांनी माल अधिक छान का वाटतो? कारण पान कापलं-चेंगरलं की कापलेल्या हिरवळीचा जो कच्चा वास सुटतो तो तोवर विरलेला असतो आणि वनस्पतीचा मूळ सुगंध मोकळा पुढे येतो. हा फरक मी दरवर्षी अनुभवते आणि म्हणून ताजा वाळलेला पुदिना तीन आठवडे झाल्याशिवाय कोणाला देत नाही. पण ओलावा जास्त ठेवला तर जास्त मुरेल, ही समजूत पुदिन्याच्या कुळाला लावू नका. तिथे जास्त ओलावा म्हणजे जास्त नासाडी.

शेवटी तुमच्या तीन बरण्या. कॅलेंडुलाची पूर्ण फेकून द्या. तुम्ही विचारलंय की वरची स्वच्छ दिसणारी फुलं ठेवू का. नको. डोळ्यांना दिसतं ते बुरशीचं पीक असतं, तिचे तंतू आणि बीजं बरणीभर पसरलेली असतात. उकळत्या पाण्याने बुरशी मरते, पण तिने तयार केलेली सगळी विषं मोडत नाहीत. अफ्लाटॉक्सिन हे त्यांतलं सर्वांत कुप्रसिद्ध. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या प्रेअरी (गवताळ मैदानी) भागात गुरं किरकोळ जखमेनंतरही रक्त न थांबून मरत होती. पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी त्याचा माग दमट राहून बुरशी धरलेल्या स्वीट क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीपर्यंत काढला. नीट वाळलेल्या स्वीट क्लोव्हरला सुंदर गोडसर वास येतो, तो कुमारिनचा. त्याच कुमारिनपासून बुरशीने रक्त गोठू न देणारं डायकुमारॉल बनवलं होतं. ते पुढे विस्कॉन्सिनमध्ये कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने वेगळं काढलं, आणि त्या कामातूनच रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन हे औषध आलं. चारा तोच, वाळवण फक्त अपुरी. कॅलेंडुलात डायकुमारॉल होईल असं मी म्हणत नाही. बुरशी एका निरुपद्रवी वनस्पतीचं काय करू शकते, हे आपल्याला नुसत्या नजरेने कळत नाही, एवढं मला सांगायचं आहे.

तुळस काळी आहे पण बुरशी आणि कुबट वास नाही, असं तुम्ही लिहिलंत. ती बरणी आधी २४ तास हायग्रोमीटर ठेवून तपासा. ६० च्या खाली असेल तर धोका नाही, पण तिच्यात फारसं तेल उरलेलं नसेल. एक पान चुरगाळून हुंगा. लवंगेसारखी झणक आली तर वापरा, नाहीतर कुंडीच्या मातीत घाला.

पुदिना आजच बाहेर काढा. आधी उजेडात नीट बघा, विशेषतः जिथे पान देठाला मिळतं तिथे. कुठेही पांढरा-करडा लोकरीसारखा थर दिसला तर तोही गेला. स्वच्छ असेल तर सगळी पानं काड्यांपासून सोडवा, काड्या टाका, पानं सावलीत जाळीवर एका थरात पसरा. दोन दिवसांनी बरणीत भरून २४ तासांनी आकडा वाचा. गेलेला सुगंध परत येणार नाही, पण उरलेला तरी वाचेल. पुढच्या वेळी पानं चुरचुरली की ती भुगा होण्याआधीच काड्यांवरून उतरवायची सवय लावून घ्या. तुमचे ते ४० ग्रॅम पाणी बहुतेक सगळं काड्यांतच बसलेलं होतं.

आणि कॅलेंडुलाचा नवा बहर आला की फुलं ताटात ठेवू नका, ताटाला खालून हवा नसते. जाळीवर, तोंड खाली आणि गादी वर अशी मांडा. पाकळ्या वाळल्या की गादी दुभंगून बघा, आणि ती आतपर्यंत कोरडी दिसली तरीही आणखी दोन दिवस जाळीवरच राहू द्या. मगच बरणी, हायग्रोमीटर आणि २४ तास.